बाबांसाठी कांद्याचं फूल

सोमवारी बाबांची जीभ काढणार होते. अर्धी की पूर्ण, ते ऑपरेशनच्या टेबलावर ठरेल, असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मला दाराबाहेर उभ्याउभ्या सांगितलं. त्यानंतर नाकातल्या नळीने पातळ. म्हणजे चव घेऊन जे काही खायचं ते रविवारपर्यंत.

परतताना बसला वेळ होता म्हणून आम्ही दोघं स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरलो. मी बाबांचा चहा गार करत होते, तेवढ्यात शेजारच्या टेबलावर अख्खा तळलेला कांदा आला, पाकळ्या उघडून फुललेला. भात आणि मासोळीपलीकडे कधी कशाची फर्माईश न करणारा माणूस त्याच्याकडे बघतच राहिला.

"मले तसा पाह्यजे," म्हणाले.

त्यावरचं लाल तिखट बघून मी म्हटलं, "घरी करीन, बिनतिखटाचा."

ब्रह्मपुरीला आल्यावर मोबाईलवर कृती पाहिली आणि रविवारी सकाळी बसले. पहिल्या कांद्याचं बूडच कापून टाकलं, तर पाकळ्या ताटभर झाल्या. दुसऱ्याचं बूड राखून वरून चिरा दिल्या, गार पाण्यात ठेवला, तेव्हा कुठे तो उघडला. मैद्यात घरच्या धानाच्या तांदळाचं पीठ घातलं, कुरकुरीत व्हावा म्हणून.

"काऊन तेल जाळून राह्यली?" आई बाबांकडे बघत म्हणाली. "यायचं तोंड तरी उघडते का?"

उघडत होतं, एक बोट जाईल एवढं. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा तीस वर्षं गालात धरला की दुसरं काय होणार? दोन वर्षं मी त्यांच्या पुड्या नालीत फेकत होते. पानठेल्यावाल्याशी भररस्त्यात भांडले. आजाऱ्याला बघायला आलेले सोयरे आमच्याच अंगणात बसून खर्रा घोटायला लागले, तेव्हा त्यांनाही हाकललं. मोहल्ल्यात मला सगळे टरकतात, आणि ते मला आवडतं.

कांदा मात्र झकास उतरला. बाबांनी ताट मांडीवर घेतलं, एक पाकळी तोडली, ओठांत सरकवली. टोक जिभेवरच्या जखमेला लागलं आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पाकळी ताटात ठेवली.

"राहू दे, पोरी."

राहू कसं द्यायचं? उद्या सोमवार. वाटीने ठेचून पाहिलं, तुकडे टोकदारच राहिले. मिक्सरमध्ये लगदा झाला असता, लगदा तर पुढे जन्मभर होताच. मी पाकळ्या प्लास्टिकच्या पन्नीत घातल्या, पन्नी दुमडून फरशीवर ठेवली आणि तळहाताने दाबत घोटायला लागले. मग हात आपोआप चालला. दाबायचं, फिरवायचं, झटकायचं, पुन्हा दाबायचं. आई गॅसपाशी उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती. तिला आठवत होतं, आणि मलाही.

दहावीपर्यंत रोज शाळेत जायच्या आधी बाबांचा दिवसभराचा खर्रा मीच घोटून द्यायची. मोहल्ल्यात माझ्याइतका बारीक कुणाला जमत नव्हता. बाबा मित्रांना घरी आणून दाखवायचे, पाहा, पोरीचा हात पाहा. डॉक्टरांनी सवय कधीपासूनची म्हणून विचारलं तेव्हा मी हे सांगितलं नाही. सोयऱ्यांना हाकलतानाही मला ते आठवलं नव्हतं, की मी आठवू दिलं नव्हतं, देव जाणे.

पन्नी उघडली. चुरा मऊ, पिठासारखा झाला होता. चिमूटभर मी त्यांच्या ओठांच्या फटीतून आत सोडला. सवयीने त्यांनी तो डाव्या गालात धरला आणि डोळे मिटले. मग जड जिभेने, पण नीट समजेल असं म्हणाले, "गोड लागते. तुह्यासारखं कोनीच घोटत नाई, बाई."

सोमवारी जीभ पूर्णच काढावी लागली. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं कौतुक, आणि ते ऐकताना मला आनंद झाला होता.