बादशहाच्या तळघरात मुलगा दाखवण्याचा कार्यक्रम

मुलगी दाखवण्याच्या पद्धतीविरुद्ध मी पुण्यात पत्रकं लिहिली आहेत. लिहिली, छापली आणि मंगल कार्यालयांच्या दारात उभी राहून वाटली. एका वधूपित्यानं मला रांगोळीवरून ढकलून बाहेर काढलं, तेव्हाही मी त्यांच्या हातात एक पत्रक देऊनच निघाले होते. असं असूनही मुलगा दाखवण्याच्या कार्यक्रमाला मी स्वतः हजर राहिले. तो झाला जर्मनीत, ट्रियर गावात, जमिनीखाली गाडल्या गेलेल्या एका रोमन बादशहाच्या वाड्यात.

दाखवायचा मुलगा म्हणजे आखेनला आमच्याच तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करणारा माझा मित्र. आपण त्याला नवरदेव म्हणू, कारण तेव्हा त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. मुलगी पुण्याची. कॉलेजातली ओळख, दोन वर्षं पत्रव्यवहार, दोघांचं ठरलेलं. तिला वडील नव्हते, म्हणून शेवटचा शब्द तिच्या काकांचा. काका साताऱ्याकडचे, कालव्यांची कामं घेणारे. सहकारी कारखान्याच्या मंडळींबरोबर यंत्रं पाहायला ते जर्मनीत येणार होते, आणि त्यांनी आधीच कळवलं होतं: मुलगी परक्या मुलखात येणार, उद्या तिला ताप भरला तर डॉक्टरशी कोण बोलणार? मुलाला भाषा येते का, हे मी स्वतः पाहीन.

मला संताप आला. पुतणीला माणूस पसंत आहे, तर मध्ये काका कोण? शिवाय त्यांचा मुद्दा बरोबर होता, त्याचा जास्तच संताप आला. कारण नवरदेवाला जर्मन येत नव्हतं. त्याचे प्रोफेसर त्याच्याशी इंग्रजीत बोलत आणि वसतिगृहात त्याच्या मजल्यावर सगळे आपल्याकडचेच. पाव, तिकीट आणि गुटन टाग, इथं त्याची भाषा संपायची. हा पुण्याला मात्र लिहीत होता, आता मी जर्मन पाण्यासारखं बोलतो.

"मग पाणी पाज आता काकांना," मी म्हणाले.

"टूरला नेतो," तो म्हणाला. "टूरमध्ये गाईड बोलतो, लोक ऐकतात. कुणी उत्तर द्यायचं नसतं. तू शेजारी उभी राहा आणि अडलो की हळूच सांग. बाकी तोंड उघडायचं नाही. आणि पत्रकं पर्समध्ये."

काका ट्रियरच्या स्टेशनवर उतरले ते बंद गळ्याचा कोट आणि गांधी टोपी घालून. मला बघून त्यांनी विचारलं, "या कोण?"

"मानलेली बहीण," नवरदेव म्हणाला.

दोन वर्षं या माणसाशी मी जगातल्या यच्चयावत प्रश्नांवर भांडत आले होते. मला न विचारता त्यानं मला बहीण करून टाकलं. स्त्रीला गृहीत धरण्याची सुरुवात अशीच होते. पण काका समोरच उभे होते, म्हणून मी तो मुद्दा राखून ठेवला.

गाईड म्हातारा होता. कोटाची एक बाही रिकामी, खिशात खोचलेली, आणि दुसऱ्या हातात कंदिलासारखा बॅटरीचा दिवा. त्याच्यामागून आम्ही आणि दहाबारा जर्मन मंडळी पायऱ्या उतरलो. खाली गार, ओलसर, विटांच्या भिंती. बादशहाच्या दिवाणखान्याची जमीन आता आमच्या डोक्याच्या वर होती.

पहिल्या दालनात मी कुजबुजले, त्यानं ते मोठ्यानं म्हटलं. ठीक चाललं होतं. एवढ्यात काका आमच्या दोघांच्या मधे येऊन उभे राहिले. "ताई, तुम्ही पुढं व्हा, तुम्हाला नीट दिसेल." आणि नवरदेवाला, "हं, काय म्हणतोय हा?"

गाईड बराच वेळ बोलत होता. जमिनीखालून गरम हवा सोडून राजवाडा कसा उबदार ठेवत, ते त्यानं एका हातानं छान समजावून सांगितलं.

"जुना वाडा आहे," नवरदेव म्हणाला.

"एवढं बोलला आणि जुना आहे, एवढंच?"

तिथून पुढं नवरदेवाला कंठ फुटला. जर्मन येत नव्हतं, पण शनिवारवाड्याजवळ लहानाचा मोठा झाला होता तो. गरम हवेच्या जागी त्यानं हत्तीखाना बांधला. न्हाणीघराचा नगारखाना केला. गाईड एका फुटक्या घागरीबद्दल बोलत होता, तिथं यानं बादशहाच्या सात राण्या आणि त्यांचे रुसवेफुगवे रंगवून सांगितले. काका "असं का?" म्हणत मान डोलवत होते. राण्या होत्या का नव्हत्या, याचं मला काही नाही. पण खोटा इतिहास सांगून लोकांना गुंगवणं, याविरुद्ध आमच्या पत्रकवाल्या गटात मी सबंध व्याख्यान दिलेलं आहे. आणि या भल्या काकांचं गुंगणं मी मुकाट्यानं बघत होते.

शेवटी राहवेना. मी गाईडला जर्मनमध्ये विचारलं, "हे ज्या गुलामांनी बांधलं, त्यांच्याबद्दल तुम्ही एक अक्षर का बोलत नाही?"

गाईडनं दिवा माझ्याकडं वळवला. "फ्रॉयलाइन, मी इथं फक्त रविवारी असतो."

जर्मन मंडळी हसली. काकांनी विचारलं, "ताई काय विचारत होत्या?"

"हात धुवायची जागा कुठं आहे, ते," नवरदेव म्हणाला.

हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पुढं एक अरुंद बोळ लागला आणि त्याच्या तोंडाशी बुटकी कमान. गाईड काहीतरी म्हणाला आणि सगळे जर्मन एकामागून एक वाकून आत गेले. काकांनी नवरदेवाकडं पाहिलं.

"इथं दरबार होता," तो म्हणाला. घामानं त्याची कॉलर ओली झाली होती. "बादशहाला मुजरा करायची चाल होती. हे लोक अजून ती पाळतात."

काका थांबले. टोपी सारखी केली. "बेचाळीस साली गोऱ्या कलेक्टरपुढं मी वाकलो नाही. या मेलेल्यापुढं वाकू?"

आणि ताठ मानेनं निघाले. मला त्या क्षणी काका मनापासून आवडले. गाईड डोकं सांभाळा म्हणाला होता, ते मी सांगायला हवं होतं, पण अशा बाणेदार वाक्यानंतर माणसाला अडवायचं कसं? नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. काका खाली बसले. टोपीला रक्त.

गाईड धावत आला, दिवा ठेवला, रुमाल काढला. एका हातानं त्यानं जखम दाबून धरली आणि काकांच्या डोळ्यांत बघत भराभर विचारायला लागला: गरगरतंय का, मळमळतंय का, दोन दोन दिसतंय का?

"काय विचारतोय?" काका म्हणाले.

नवरदेवानं माझ्याकडं पाहिलं. मी सांगायला पुढं झाले, तर काकांनी हात आडवा केला. "याला सांगू द्या."

"मला कळत नाही, काका," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच काही कळत नव्हतं."

"हत्ती?"

"नव्हते."

"राण्या?"

"असतील. मला माहीत नाही."

काकांनी आडवा धरलेला हात खाली घेतला. मग गाईडचे प्रश्न मी सांगितले आणि काकांची उत्तरं त्याला दिली. नवरदेव भिंतीला टेकून उभा होता. लग्न मोडलं, हे त्याच्या चेहऱ्यावर कोणालाही वाचता आलं असतं. गाईडनं भिंतीवरच्या औषधपेटीतली पट्टी काढून, एक टोक दातात धरून, काकांच्या डोक्याला बांधली.

मी बोलून टाकलं. "काका, याला जर्मन येत नाही, हे खरं आहे. पण एका भाषेच्या परीक्षेवर दोन माणसांचं आयुष्य ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तुमच्या पुतणीला विचारलंत? आणि मी हात धुवायची जागा विचारली नव्हती, गुलामांबद्दल विचारलं होतं."

"पुतणीनंच पाठवलंय," काका म्हणाले. "याची पत्रं वाचून ती म्हणाली, काका, हा बहुतेक थापा मारतोय. येत नसेल तर तसं कबूल करतो का, तेवढं बघा. करत असला तर रागावू नका."

"केलं की कबूल," मी म्हणाले.

"माझं डोकं फुटल्यावर." त्यांना हसू आलं आणि लगेच कळ आली. "तिनं स्वतः जर्मनचा क्लास लावलाय. आधी तिला खरंच वाटलं, हा पाण्यासारखं बोलतो, मग याच्यापुढं कमी पडायला नको. रोज पहाटे पाठ करते. म्हणजे तिला ताप आला, तर ती बोलेल डॉक्टरशी." त्यांनी नवरदेवाकडं बोट केलं. "याला आला तर काय?"

"मी आहे ना," मी म्हणाले.

"तुम्ही डॉक्टरला विचाराल, हा दवाखाना कुणी बांधला." ते भिंतीचा आधार घेऊन उठले. "नाही, याला इथं असं एकटं ठेवणं बरं नाही. तारीख लवकरची काढायला हवी."

वरासाठी निकष म्हणून हे मला आजही अत्यंत आक्षेपार्ह वाटतं. पण आक्षेप घ्यायचा कुणाविरुद्ध? मुलीनंच काकांना पाठवलं, तिला हाच मुलगा हवा होता, काका फुटक्या डोक्यानं हो म्हणत होते.

गाईडनं विचारलं, पुढं येणार का, की वर जायचं. काका म्हणाले, पुढं बघू. "आता ताई सांगतील. आणि खरं काय ते सांगा."

मी सांगितलं. गुलामांचंही सांगितलं, गाईडनं सांगितलं नव्हतं तरी. उरलेल्या प्रत्येक दारापाशी, ते उंच असलं तरी, नवरदेव आधी स्वतः वाकून पलीकडं जायचा आणि मग दगडाच्या आणि काकांच्या पट्टीच्या मधे स्वतःचा हात धरून उभा राहायचा.