मी पास केलेला अल्बम

माझ्या मुलीचा पहिला रॅप अल्बम मी स्वतः तपासून पास केला, त्यामुळे पुढे जे झालं त्याला दुसरं कोणीही जबाबदार नाही.

सातपूरच्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. माझ्या टेबलावरून वाकडा बोल्ट कधी बाहेर गेला नाही. (वाकडे सुपरवायझर गेले, पण ते माझ्या हातात नव्हतं.) अशा बाईच्या पोटी मुक्ता जन्मली आणि बी.कॉम. करून रॅपर झाली! दोन वर्षं ती कपड्यांच्या कपाटात माईक घेऊन बसत होती, कारण तिथे आवाज घुमत नाही म्हणे. ती आत गेली की कुकर बंद, पंखा बंद, आणि ह्यांना शिंकायचीसुद्धा बंदी. पाठीशी कुठली कंपनी नाही की कोणी ओळखीचं नाही. नऊ गाणी तिने एकटीने केली. अल्बमचं नाव ठेवलं ‘ओके टेस्टेड’.

अल्बम मोबाइलवर येणार होता, पण मला ते पटेना. पाहुण्यांच्या हातात काही नको का? ह्यांचे मित्र वसंतराव त्र्यंबकेश्वरला भजनांचे पेनड्राइव्ह विकतात. त्यांच्याकडून साठ पेनड्राइव्ह भरून घ्यायचे, असं मीच ठरवलं. मुक्ता म्हणाली, ‘‘आई, सगळे एकदा तपासशील ना?’’ मी तिच्याकडे नुसतं बघितलं. अठ्ठावीस वर्षांचा अपमान होता तो!

खोकं आलं तेव्हा माझे हात कणकेचे होते. शास्त्र असं सांगतं की नमुने वरून, मधून आणि तळातून घ्यावेत. वरवरचे उचलणाऱ्या पोरांना मी कारखान्यात रडवलेलं आहे. त्या दिवशी मी वरचे पाच उचलले. प्रत्येकातलं प्रत्येक गाणं दहा दहा सेकंद ऐकलं आणि खोक्यावर सही ठोकली.

कॉलनीच्या हॉलमध्ये संध्याकाळी शंभर माणसं जमली. पुढे नातेवाईक, मागे टोप्या घातलेली मुक्ताची मित्रमंडळी. ती पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार होती आणि दुपारपासून तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. उद्घाटनाला माझ्या नणंदबाई, मनमाडहून आलेल्या. रॅप म्हणजे चालीवर भांडण, असं त्यांचं मत. त्यांनी खोक्यातून हाताला येईल तो पेनड्राइव्ह काढून स्पीकरला लावला.

टाळ वाजले. पाठोपाठ मृदंग, आणि एका बुवांनी लांबलचक आलाप घेतला.

नणंदबाईंनी डोळे मिटून हात जोडले. ‘‘किती गोड गायलीय गं,’’ त्या म्हणाल्या.

मी धावत जाऊन दुसरा लावला. भजन. तिसरा लावला, तेच बुवा! वसंतरावांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. वरच्या थरात आमचे दहा होते, खाली भजनाचे पन्नास. वरचे दहा मी दुपारीच लांबच्या नातेवाइकांना कुरियरने धाडले होते. आणि आमचे पन्नास भजनाच्या पाकिटांतून त्यांनी सकाळीच एका यात्रेच्या बसला विकले होते. मग मोबाइल जोडू म्हटलं, तर ती वायर मी घरी ठेवून आलेले. (पेनड्राइव्ह असताना वायर कशाला!) मुक्ताचा चेहरा पांढरा पडला होता. दोन वर्षांची मेहनत माझ्या एका सहीने धुळीला मिळाली होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, माईक उचलला आणि नुसत्या टाळ्यांवर सुरू झाली. मी दहा सेकंदांवर सोडून दिलेलं गाणं पुढे कोणाबद्दल आहे, ते मला तेव्हा कळलं.

पोळीला लावते पट्टी, भाताला लावते माप,
नव्वद मार्क मिळाले तरी दहांचा विचारते जाब!

हॉल नुसता उसळला. शंभर माणसं माझ्याकडे बघत होती आणि टाळ्यांचा ठेका धरत होती. हे तर इतके हसले की दोन वर्षांच्या तुंबलेल्या शिंका एकदम आल्या. शेवटच्या कडव्यात मात्र दिवसभर उभं राहून पाय सुजलेली एक बाई घरी येते आणि बसल्या बसल्या लेकीच्या फ्रॉकची बटणं लावते. तिथे माझ्याने राहवलं नाही, मी पदराने डोळे पुसले. नणंदबाईंनी ‘पुन्हा एकदा’ म्हणून ते गाणं दोनदा गायला लावलं. इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबकहून परतणारी ती यात्रेची बस आमच्या दारात थांबली. पत्ता वसंतरावांनीच दिला होता. पाच-सहा बाया खाली उतरल्या. भांडायलाच आल्या असणार म्हणून मी आधीच हात जोडले, तर त्या हसायला लागल्या. कालपासून बसमध्ये दुसरं काही लावलंच नव्हतं म्हणे! माझा ऊर भरून आला. मुक्ता आत आंघोळीला गेली होती. मी म्हटलं, बसा, गाणारीला आत्ता बोलावते.

‘‘तिला ऱ्हाऊ द्या हो,’’ त्यांतली म्हातारी दारातून आत डोकावत म्हणाली, ‘‘आधी ती आई दाखवा. लय ऐकलंय तिच्याबद्दल.’’

मी म्हटलं, ‘‘ती आत्ताच बाजारात गेली.’’