चरख्याचा झेंडा

वडील गेले आणि त्यांच्या कपाटातला झेंडा माझ्याकडे आला. केशरी, पांढरा, हिरवा. मधे चक्राऐवजी दोऱ्यानं भरलेला चरखा. "तीस साली इंग्रजांनी आपल्या शहरात मार्शल लॉ पुकारला, तेव्हा हा आपल्या घरावर होता. पोलीस झडतीला आले तेव्हा ज्वारीच्या कणगीत लपवला," असं ते दर पंधरा ऑगस्टला सांगायचे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीला ही गोष्ट तोंडपाठ होती.

यंदा गल्लीच्या मंडळानं तो काचेच्या पेटीत ठेवायचं ठरवलं. अध्यक्ष माझा चुलतभाऊ. त्यानं पेटीवरचा मजकूर मला लिहायला सांगितला, म्हणून मी जरा वाचायला बसले, आणि तिथंच घोळ झाला. मार्शल लॉच्या वेळचा झेंडा वेगळाच होता. वर पांढरा, मग हिरवा, खाली लाल. केशरी वर आला तो त्यानंतर.

भाऊ म्हणाला, "अक्का, रंग विटला असंल की."

"विटून खालचा पट्टा वर जातो होय रे?"

"तू लई खोलात जातेस बघ."

शेवटी झेंडा घेऊन मी एसटीनं मैंदर्गीला गेले, त्याच्या वडलांकडे, म्हणजे माझ्या काकांकडे. पंच्याऐंशीच्या पुढचे काका शेतातल्या घरीच राहतात. त्यांनी झेंडा मांडीवर पसरला आणि शिवणीवरून हात फिरवला.

"हे अव्वानं शिवलंय, तुझ्या आज्जीनं. स्वातंत्र्य मिळालं तवा. मी सुईत दोरा ओवून देत होतो."

"मग चरखा कसा?"

"चक्र आलंय हे तिला कोण सांगनार? तिला झेंडा म्हंजे चरखा." हिरवा पट्टा त्यांनी चिमटीत धरला. "ही तिची इरकल हाय. सणावाराची एकच होती. तीच फाडली."

"काका, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"थोरला भाऊ चार लोकांत सांगायचा. त्याला खोटं पाडू व्हय?"

मला त्यांचा राग आला, वडलांचा त्याहून जास्त. आपल्या आईनं एकुलतं चांगलं लुगडं फाडलं, हे सांगायला काय कमीपणा होता?

परतल्यावर मी तेच लिहून दिलं. भावानं वाचलं आणि कागद परत केला. "लुगड्याचा झेंडा बघायला कोण येतंय, अक्का?" मग मीही झेंडा दिला नाही. दोघांची भांडाभांडी झाली, गल्लीनं ऐकली.

पंधरा ऑगस्टला चौकात मोठा फ्लेक्स लागला. भावाच्या मोबाइलमधला झेंड्याचा फोटो, शेजारी वडलांचा, आणि खाली 'मार्शल लॉचा साक्षीदार'. पाहुण्यांनी त्या फ्लेक्सला सलाम ठोकला. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "घराण्याचं नाव काढलंत तुमी." मी लुगड्याचं सांगायला तोंड उघडलं, तोवर ते जिलेबीकडे वळलेसुद्धा.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "कार्यक्रम झाला?"

"झाला."

"अव्वाचं काय बोलले?"

"काही नाही, काका."

"बरं," म्हणाले, आणि पाऊस पडला का ते विचारू लागले.