कालव्यावरची रेघ

ऑफिसात त्याला सगळे ‘फूटपट्टी’ म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. त्यालाही ते नाव मनातून आवडायचं. थट्टा होती, पण हा माणूस वाकत नाही अशी कबुलीही तीत होती. ऑफिसची पेन्सिल तो कधी घरी नेत नसे. एका कंत्राटदाराने पाठवलेली नव्या वर्षाची डायरी त्याने एकदा परत केली होती, आणि ती गोष्ट पुढे कित्येक वर्षं कुणाला विसरू दिली नव्हती. प्रामाणिक माणसं बरीच असतात. आपण प्रामाणिक आहोत हे दिवसातून चार वेळा स्वतःला सांगणारी थोडी, आणि हा त्यांतला.

नोकरी होती मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या आयोगाच्या नकाशाखान्यात. जनगणना झाली की आयोग बसायचा आणि कुठली वस्ती कुठल्या खासदाराच्या पदरात घालायची ते नव्याने ठरायचं. ठरवणारे वरच्या मजल्यावर. रेघ मात्र खाली, उतरत्या टेबलांवर वाकून बसलेले पाच-सहा आरेखक मारायचे. नियम तसे साधे होते. प्रत्येक मतदारसंघात माणसं साधारण सारखी हवीत. रेघ शक्यतो रस्ता, नदी, रेल्वे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवरून जावी. एकजीव वस्ती शक्यतो फोडू नये. त्या ‘शक्यतो’मध्ये काय काय बसवता येतं, हे वरच्या मजल्याला चांगलं ठाऊक होतं.

जिथे दोन रेघा नियमात बसत, तिथे आरेखक दोन्ही पेन्सिलीने काढायचा आणि जी जास्त योग्य वाटेल तिच्या टोकाशी बारीकशी खूण करायचा. वरच्यांना नकाशा वाचायचा कंटाळा. ते खूण पाहून सही ठोकायचे. आणखी एक रिवाज होता. ज्याच्या वाट्याला आलेल्या नकाशाच्या तावावर स्वतःचं गणगोत राहत असेल, त्याने ताव हातात पडताच ‘बदला’ एवढंच म्हणायचं. का, ते कुणी विचारत नसे. ताव मुकाट्याने दुसऱ्या टेबलावर जायचा.

फूटपट्टीचं गणगोत म्हणजे एकटी ताई. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. ताईने त्याला वाढवलं, स्वतः नर्स झाली, दवाखान्यात पाळ्या करकरून त्याला आरेखन शिकवलं, आणि या धबडग्यात तिचं लग्न करायचं राहूनच गेलं. आता निवृत्त होऊन ती कालव्याकाठच्या वस्तीत दोन खोल्यांत राहायची. वस्ती कालव्याच्या दोन्ही काठांना होती, मधे लाकडी पूल. शाळा अलीकडे, पाण्याचा नळ पलीकडे, आणि दिवसभर पुलावरून बादल्या आणि दप्तरं ये-जा करायची.

वस्तीच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना होता. आज तिथे कुठला रंग उकळतोय ते पोरं कालव्याकडे बघून सांगायची. त्या पाण्यात पाय पडला की पोटऱ्यांवर चट्टे उठत, फुटत, चिघळत. संध्याकाळी ताईच्या दारात पट्टी बांधून घ्यायला रांग लागायची. खासदार वस्तीत उगवायचा तो फक्त मतं मागायला, आणि कारखानदार त्याचा व्याही, म्हणजे तक्रार करायची सोय नाही. मलम लावून लावून ताईचं डोकं फिरलं. मलमापेक्षा पाण्याचंच काहीतरी करू, म्हणून ती गेल्या निवडणुकीला अपक्ष उभी राहिली आणि थोडक्यात पडली. पुढच्या वेळी ती येणार हे तिच्या विरोधकांनाही कळून चुकलं होतं. आणि ती आली की कारखान्याचा तो पाइप बंद होणार, हे कारखानदाराला.

दर रविवारी तो तिच्याकडे जेवायला जायचा. ताई त्याच्या कामाबद्दल चकार शब्द विचारत नसे. एकदा शेजारणीने खोदून विचारलं तेव्हा ताईनेच तिला गप्प केलं; म्हणाली, तो तिथे आहे एवढं आपल्याला पुरे आहे. निघताना दाराशी येऊन ती दर वेळी तेच म्हणायची, ‘रविवारी ये रे.’ न सांगताही तो येणारच असायचा, पण ते ऐकल्याशिवाय त्याचा पाय पायरीवरून उतरत नसे.

त्या वर्षी आयोग बसला आणि कालव्याकाठचा ताव नेमका फूटपट्टीच्या टेबलावर आला. तो उठून साहेबांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, “बदला.” साहेब म्हणजे नकाशाखान्याचे प्रमुख, गोड बोलणारे, नखं स्वच्छ ठेवणारे. त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. “ताव बदलायची पाळी इतरांवर येते. तुझ्यावर कशाला?” असं म्हणून त्यांनी ताव पुन्हा त्याच्या हातात दिला.

गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ताव काखोटीला मारून तो टेबलाशी परत आला तो दोन बोटं उंच होऊन.

दोन रेघा निघत होत्या. एक वस्तीमागच्या रेल्वेवरून. तिने सगळी वस्ती एका मतदारसंघात राहत होती. दुसरी कालव्यावरून. तिने वस्तीचे दोन तुकडे होत होते. एक टेकडीवरच्या बंगल्यांबरोबर जात होता आणि दुसरा पार पलीकडच्या बाजारपेठेबरोबर, जिथे कालव्याचं पाणी कुणी पाहिलेलंही नव्हतं. माणसांची संख्या दोन्हींकडे जुळत होती. रेल्वेची रेघ चांगली होती, हे नवख्या आरेखकालाही दिसलं असतं. फूटपट्टीला तर ती ताव उलगडताक्षणी दिसली, आणि दिसताक्षणी त्याने पेन्सिल खाली ठेवली. रेल्वेच्या रेघेशी खूण केली तर लोक काय म्हणतील? बहिणीसाठी केली म्हणतील.

शेजारच्या टेबलावर गुणगुण्या बसायचा. काम करताना सतत काहीतरी गुणगुणतो म्हणून हे नाव. माणूस अगदी पोहोचलेला; सासऱ्याची आळी त्याच्या तावावर आली तेव्हा ‘बदला’ म्हणणं तर सोडाच, तो जोरात गुणगुणायला लागला होता. त्याने मान लांब करून फूटपट्टीचा ताव पाहिला आणि म्हणाला, “रेल्वेची दे ना. बहीण तुझी आहे म्हणून चांगली रेघ वाईट होते का?”

लबाडाच्या तोंडून आलेलं शहाणपण होतं ते, म्हणून फूटपट्टीने ते कानाआड केलं. दुपारभर तो टोक केलेली पेन्सिल पुन्हा पुन्हा टोक करत बसला. आणि ऑफिस सुटायच्या सुमारास त्याने कालव्याच्या रेघेशी खूण केली. खूण एका फटक्यात उमटली, याचंसुद्धा त्याला कौतुक वाटलं. आपण सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही! परमार्थ साधल्यासारखा तो घरी गेला आणि गाढ झोपला.

मसुदा नकाशा भिंतीवर लागला तेव्हा वस्ती हादरली. हरकतींची सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. आयोगाचे अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश, मधल्या खुर्चीत, बाजूला साहेब, आणि नकाशे उलगडून दाखवायला फूटपट्टी व गुणगुण्या. ताई वस्तीतली माणसं घेऊन आली होती. भावाकडे तिने ओळखीचं पाहिलंसुद्धा नाही. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. ती शांतपणे बोलली. शाळा एका काठाला, नळ दुसऱ्या काठाला, घाण पाणी मधून, आणि सोसणारे दोन्हीकडचे. आम्हाला फोडलंत तर या पाण्याबद्दल बोलायला संसदेत कुणीच उरणार नाही, असं तिने सांगितलं, आणि रेल्वेच्या रेघेवर बोट ठेवलं.

अध्यक्षांनी जांभई आवरली आणि फूटपट्टीला विचारलं, ही दुसरी रेघ चालण्यासारखी आहे का. केलेली खूण पुसायची संधी त्याच्यासमोर आली होती. एक ‘हो’ पुरला असता. तेवढ्यात ताईने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतका विश्वास होता की सगळं सभागृह आपल्याकडेच बघतंय असं त्याला वाटलं.

“दोन्ही नियमात बसतात, साहेब,” तो अध्यक्षांना म्हणाला. “पण कालवा जास्त ठळक आहे.”

हरकत फेटाळली गेली. त्याच दुपारी टेकडीवरच्या बंगल्यांचा वकील आला. बंगलेवाल्यांना बाजारपेठेशेजारचा एक गरीब कोपरा आपल्यात नको होता. तिथे ना नदी ना रस्ता. रेघ एका बागेच्या कुंपणावरून आकड्यासारखी वळवावी लागत होती. अध्यक्षांनी मान डोलावली. ‘शक्यतो’ होतंच मदतीला. ती रेघ गुणगुण्याने तिथल्या तिथे मारून दिली, गुणगुणत.

फूटपट्टीच्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. तरीही तो मनाला समजावत राहिला की जग कसंही वागो, आपण आपलं इमान राखलं. त्या रविवारी तो जेवायला गेला. ताईने नेहमीसारखं वाढलं. नकाशाचा विषय तिने काढला नाही आणि त्याने काढू दिला नाही.

निवडणूक झाली. ताईला एकच काठ निवडावा लागला. पलीकडच्या काठाची माणसं पुलावर उभं राहून तिची सभा ऐकायची, पण मत तिला देऊ शकत नव्हती. बंगल्यांच्या मतांपुढे एका काठाची मतं ती किती? ताई सपाटून पडली. पाइप राहिला, कालवा राहिला. दारातली रांग तेवढी वाढली.

निकालानंतर साहेबांनी फूटपट्टीला खोलीत बोलावून बढतीचं पत्र दिलं. आता नकाशाखान्याचा उपप्रमुख. त्याने मान खाली घालून आभार मानले आणि तो म्हणाला की आपण फक्त कर्तव्य केलं, रक्ताचं नातंही आड येऊ दिलं नाही.

साहेब खुर्चीत रेलून हसले. ते हसणं दुष्ट नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. “अरे, म्हणून तर ताव तुला दिला. कालवाच हवा होता वरती. दुसऱ्या कुणाला सांगावं लागलं असतं, मग चार तोंडं झाली असती. तुला सांगावंच लागलं नाही.”

तो बाहेर आला तेव्हा पत्र हातात होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं. ज्या प्रामाणिकपणाच्या जोरावर तो आयुष्यभर ताठ मानेने फिरला, तो दुसऱ्यांना फुकट वापरायला मिळाला होता. लाच घेतली असती तर निदान आपण विकले गेलो हे कळलं तरी असतं. सगळा संताप साहेबांवर काढत तो रविवारची वाट बघत राहिला. ताईला सांगायचं होतं की तिच्या भावाला फसवलं.

रविवारी ताई खाली बसून एका पोराच्या पोटरीवर पट्टी बांधत होती. पोर निघून गेलं. त्याने सगळं सांगितलं. ताव, साहेबांचं कौतुक, खूण, बढती. मला वापरून घेतलं गं, असं तो दोनदा म्हणाला. त्याची अपेक्षा होती की लहानपणी ठेवायची तसा ताई पाठीवर हात ठेवेल.

ताई उरलेली पट्टी गुंडाळत होती.

“एक सांग. मी तुझी बहीण नसते, तर कुठली रेघ दिली असतीस?”

खोटं बोलायची सवय नव्हती, आणि आता लावून घेण्यात अर्थ नव्हता.

“रेल्वेची.”

“म्हणजे माझ्या जागी दुसरं कुणीही असतं, तर ही माणसं वाचली असती.” तिने पट्टी डब्यात ठेवून झाकण लावलं. “तुझ्या साहेबाला शिव्या देऊ नकोस. त्याने तुझ्याकडून खोटं काम करून घेतलं नाही. तू स्वतः केलंस, आणि वर आपण प्रामाणिकपणे वागलो असं स्वतःला सांगत राहिलास.”

मग तिने त्याला वाढलं. तो जेवला. निघताना ताई दारापर्यंत आली. बाहेर पुलावर कुणीतरी बादली घेऊन चाललं होतं, आणि कालवा त्या दिवशी जांभळा होता. तो पायरीवर थांबला, जरा जास्तच थांबला. ताईने चौकटीला हात लावून पाण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि दार हळूच लोटून घेतलं.