आईला विमानातून उतरवलं तेव्हा

विमान कंपनीत काम करणाऱ्या माणसाने तिकीट काढून प्रवास करायचा नसतो. असा कुठे लेखी नियम नाही, पण लोहगावच्या आमच्या ऑफिसात हा नियम पगाराच्या तारखेपेक्षा कडक पाळला जातो. आम्हाला आणि आमच्या आईवडिलांना जवळजवळ फुकटात पास मिळतो. अट एकच: पैसे भरलेले सगळे प्रवासी बसले आणि तरीही खुर्ची उरली, तर ती तुमची. नाहीतर उद्या या. आम्ही याला स्टँडबाय म्हणतो आणि त्यात फार मोठा मान समजतो. एकदा मी दिवाळीत घाईच्या वेळी नागपूरचं रीतसर तिकीट काढायला निघालो, तर शेजारच्या टेबलावरचे सदाशिव पेठी गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "तिकीट काढताय? मग नोकरी कशाला करताय इथे? हौस म्हणून?"

त्यानंतर एक वेळ सोडली तर मी कधी तिकीट काढलं नाही. या मूर्खपणाला मी बरीच वर्षं रुबाब समजत होतो.

माझं काम लोडशीट करण्याचं. विमानात किती माणसं, किती सामान, किती इंधन, आणि हे सगळं धरून ते उडू शकतं का, याचा हिशेब विमान सुटायच्या आधी वैमानिकाच्या हातात द्यायचा. या हिशेबात खऱ्या माणसांना जागा नसते. कागदावर प्रत्येक मोठ्या माणसाचं वजन ठरलेलं असतं. आमच्याकडे ते हातातल्या पिशवीसकट पंच्याहत्तर किलो धरायचे. पैलवान बसला तरी पंच्याहत्तर, वाळलेली म्हातारी बसली तरी पंच्याहत्तर. धावपट्टीही आमची नाही, हवाई दलाची आहे. त्यांच्या सरावाच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि त्या आधी आमचं विमान निघालं नाही तर दोन-दोन तास उन्हात उभं राहतं. मग उशीर कोणामुळे झाला याचा अहवाल जातो. त्यात एक नाव लिहावं लागतं. ते माझं असू नये, एवढीच माझी त्या नोकरीतली महत्त्वाकांक्षा होती.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. वडील गेल्यावर आई धानोरीला माझ्याकडे राहायला आली. तिची मोठी बहीण नागपूरला. आई तिला बाई म्हणायची. त्या दोघी रोज सकाळी अर्धा तास फोनवर बोलायच्या, आणि त्यात नवीन असं काहीही नसायचं. भाजी काय केली, कोण पडलं, कोण उठलं. मावशी आजारी पडली तशी ही बोलणी आखडत गेली. मे महिन्यात मावसबहिणीचा फोन आला, "दादा, मावशीला पाठव. आई आता तिचंच नाव घेऊन राहिली. डॉक्टर दोन-चार दिवस म्हणते."

आई तेव्हाच बसने निघाली होती. चप्पल घालून दारात उभी. मी तिला थांबवलं. म्हटलं, बस पंधरा-सोळा तास घेते, विमानाने दोन तासांत पोचशील. एवढी वर्षं मी विमानतळावर आहे, माझ्या आईने बसने धक्के खात जायचं का? बायको हळूच म्हणाली, "मग तिकीट काढा ना." मी तिच्याकडे असं बघितलं, की ती पुन्हा बोलली नाही. सिस्टिममध्ये उद्याच्या विमानात सहा खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत त्या मला दिसतात, याची केवढी घमेंड!

दुसऱ्या दिवशी सहाच्या सहा विकल्या गेल्या. कुठल्यातरी लग्नाची मंडळी. आई नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून तीन तास बाकावर बसली आणि परत आली. रिक्षात म्हणाली, "बाबू, मी बसनं जाऊ का?" मी म्हटलं, उद्या नक्की.

तिसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. पंख्याचं, छोटं. काउंटर बंद झालं तेव्हा चार खुर्च्या उरल्या. मी स्वतः आईचा बोर्डिंग पास काढला. सुरक्षेपर्यंत सोडायला गेलो. ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती, पण तिला त्याचं काही नव्हतं. बसमध्ये चढावं तशी ती निघून गेली. मी मात्र खूश होतो. शेजारच्या टेबलाला जाऊन सांगितलंसुद्धा, की आईची सोय झाली. ते म्हणाले, "अभिनंदन. उडेपर्यंत थांबा."

पुणेरी माणसाला टोमणा मारायला कारण लागत नाही. पण तो टोमणा खरा ठरला की माणूस आयुष्यभर लक्षात राहतो.

लोडशीट घेऊन मी विमानात गेलो. वैमानिकाने कागद बघितला नाही. म्हणाला, नागपूरवर धुळीचं वादळ घोंगावतंय, तिथं उतरता आलं नाही तर दुसरीकडे जावं लागेल, जादा इंधन घेतोय, हिशेब नव्याने करा. त्यात ऊन रणरणतं होतं. अशा उन्हात विमान एरवीइतकं वजन उचलत नाही. मी तिथंच उभ्या उभ्या आकडे मांडले. सत्तर किलो जास्त होत होते. सत्तर किलो उतरवायचे. सरावाची वेळ व्हायला बारा मिनिटं होती.

आता जे सांगतो आहे ते मी त्या दिवशी कोणालाच सांगितलं नाही. सत्तर किलो उतरवायचे दोन मार्ग होते. विमानाच्या पोटात मार्केट यार्डातून आलेली जरबेराच्या फुलांची खोकी होती, आठ-दहा. त्यातली चार काढली असती तरी भागलं असतं. पोटाचं दार पुन्हा उघडायचं, माणसं बोलवायची, कागद बदलायचे. आठ मिनिटं. जमलं असतं. मी हे पूर्वी केलेलं होतं. साहेबांचा मेहुणा स्टँडबायवर होता तेव्हा साहेबांचा एक फोन आला होता, आणि मी कोणाच्या तरी द्राक्षांच्या पेट्या धावतपळत उतरवल्या होत्या. द्राक्षवाल्याने दुसऱ्या दिवशी येऊन माझी आई-बहीण काढली, ती मी साहेबांसाठी हसत ऐकून घेतली.

फुलवाला तक्रार करणार होता. उशीर झाला असता तर अहवालात माझं नाव लागणार होतं, आणि खाली लिहावं लागलं असतं की माल का उतरवला, तर स्वतःच्या आईला बसवायला. दुसरा मार्ग सोपा होता. नियमाप्रमाणे स्टँडबाय आधी उतरतो. त्या विमानात स्टँडबाय एकच होती, आणि ती तक्रार करणारी नव्हती.

आईचं खरं वजन शेहेचाळीस किलो. मला ते माहीत होतं, कारण तिला दवाखान्यात मीच नेत असे. पण कागदावर ती पंच्याहत्तर होती. ती उतरली की विमान उडणार होतं.

ती शेवटून दुसऱ्या रांगेत खिडकीशी होती. पट्टा लावलेला, पिशवी पायाशी. फोनवर कोणाशी तरी बोलून तिने तो नुकताच खाली ठेवला होता. मला बघून ती हसली. तिला वाटलं मी निरोप द्यायला आलोय. मी वाकून म्हटलं, "आई, उतरावं लागेल. वजन जास्त झालंय."

तिने लगेच पायाशी असलेली पिशवी उचलली. पट्टा तिला काढता येईना, तो मी काढला. शेजारच्या माणसाने मोबाइलमधून डोकं वर काढून पाय आकसले. आई सगळ्यांच्या मधून, पदर सावरत, खाली मान घालून चालत आली. चोरी पकडल्यावर माणूस चालतो तशी. जिन्यावरून उतरताना मी तिचा हात धरला होता, आणि दुसऱ्या हातात लोडशीट होतं. विमान वेळेवर सुटलं.

मी तिला म्हटलं, उद्या सकाळच्या विमानाचं तिकीट काढतो, पैसे भरून, पक्कं. ती म्हणाली, "नको. तुमचं उद्याचं उद्या. बस निघते तरी." तिला खराडीला बायपासवर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये बसवलं आणि मी परत ड्यूटीवर आलो. संध्याकाळची विमानं होती ना माझी.

बस नगरच्या पुढे गेली नसेल तेव्हा मावसबहिणीचा फोन आला. मावशी गेली. मी आईला कळवलं नाही. एवढ्या लांबच्या प्रवासात ती एकटी, म्हणून कळवलं नाही असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे माझी हिंमत झाली नाही. मग मी पैसे भरून सकाळच्या विमानाचं तिकीट काढलं. माझ्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. नागपूरला मी आईच्या आधी तासभर पोचलो, आणि जिथे तिची बस थांबणार होती तिथे जाऊन उभा राहिलो. ती खाली उतरली, तिने मला बघितलं. मी तिथे कसा आणि का, हे तिला सांगावं लागलं नाही. ती रस्त्याच्या कडेला खाली बसली.

घरी मावसबहीण रडत रडत तिला म्हणाली, "मावशी, तू फोन केला ना, बाई, बसली मी विमानात, दोन घंट्यात आली म्हणून? तेव्हापासून आई दाराकडेच पाहून राहिली होती. चार वाजता विचारलं, विमान आलं काय? सहाला विचारलं. आम्ही म्हणत होतो, येऊनच राहिलं. काय झालं होतं वं?"

मी समोरच उभा होतो. आई म्हणाली, "काही बिघाड झाला म्हणते." आणि मी मान हलवली.

त्यानंतर आई गप्प झाली. मी समजत होतो, बहीण गेली म्हणून. ते दुःख ज्याचं त्याने भोगायचं असतं, असलं काहीतरी शहाणपण मी बायकोला ऐकवलं. ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी आई पंख्याखाली मेथी निवडत बसली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. का कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. खोकी, साहेबांचा मेहुणा, आठ मिनिटं, सगळं. मला वाटत होतं ती शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या.

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माह्या पिशवीमुळे नाही?"

मला कळेना. "कसली पिशवी?"

"तू म्हटलं ना, वजन जास्त झालं. पिशवीत घागर होती तांब्याची. बाईनं किती वर्षं झाले मागितली होती, पुण्याची आण म्हणून. मी तुह्या बायकोसोबत तांबट आळीत जाऊन चांगली जाड पत्र्याची घेतली." तिने मेथीची पानं उगाच इकडची तिकडे केली. "मले वाटलं, त्या घागरीनंच विमान जड झालं. नसती घेतली तर बाई भेटली असती. पाच महिने मी हेच करून राहिली, बाबू. मी काहून घेतली, काहून घेतली."

मी म्हटलं, "नाही गं आई. घागरीने काही झालं नाही. घागर कागदावर नव्हतीच."

"मग तेव्हाच सांगायचं होतं," ती म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. बहीण गेली त्या दिवशी नागपूरलाही ती इतकी रडली नव्हती.