म्हशींचा डोह

“बस गो बाय, बस!” शेजारचा म्हातारा म्हशीच्या पाठीवर थाप मारायचा आणि त्या थापेचा आवाज कल्याणात ऐकू जायचा. मग ती हत्तिणीएवढी म्हैस तलावात बसायची आणि काठावर वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या शर्टावर अख्ख्या कोनगावचा नकाशा उमटायचा.

तुमच्याही शेजारी असा एखादा म्हातारा असेल, तर मला तुमची दया येते. दोन हजार सालानंतरचे दिवस. काल्हेरकडे शेतांची गोदामं होत होती, आणि हा माणूस रोज भर दुपारी दहाबारा म्हशी घेऊन हमरस्ता ओलांडायचा. ट्रक तुंबायचे ते थेट धामणकर नाक्यापर्यंत. ड्रायव्हर हिंदीतून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत. हा म्हणे, “हॉर्न नको मारू रं, गाभण हाय ती.”

एकदा मी भांडायलाच गेलो. “काका, तलावाचा चहा केलात तुम्ही!”

“चहा परवडला. म्हशी न्हाय आल्या त गाळानं भरंल. एकेक म्हस अंगावर घमेलंभर चिखल घेऊन जाते, फुकट. गवत खाते त्ये येगलंच.”

“आणि शेण टाकते ते?”

“त्याच्याव मासं पोसतात. तू खातंस त्येच.”

पुढे महिनाभर मी मासळीला तोंड लावलं नाही.

म्हशी बसून बसून तलावाच्या मधोमध डोह झाला होता. आळीचा गणपती दरवर्षी तिथेच सोडत. एका दमात मुकुटासकट गडप! की लगेच म्हातारा काठावरून ओरडे, “माझ्या पोरींनी खनलाय!”

मग नव्या इमारतींतल्या मंडळींनी तलाव सुशोभित करायला घेतला. कुंपण आलं, फाटक आलं, कुलूप आलं. म्हातारा मीटिंगला येऊन हात जोडून म्हणाला, “उन्हात पान्याबिगार म्हस दूध न्हाय देत, बाबांनो. दुपारचा तासभर सोडा.” कोणी ऐकलं नाही. दोन उन्हाळे त्याने हंड्याने पाणी ओतून म्हशी भिजवल्या, मग विकून टाकल्या.

रस्ता मोकळा झाला, माझे शर्ट पांढरे झाले. आणि तलावावर जलपर्णी अशी माजली की वर पिच टाकून क्रिकेट खेळावं.

त्या गणपतीला जलपर्णी कापत मूर्ती नेहमीच्या जागी नेली. “मोरया!” म्हणून सोडली, आणि गणपती बसलेलाच! पाणी जेमतेम पोटापर्यंत. कार्यकर्ते चिखलात पाय रोवून देवाचे खांदे दाबताहेत आणि देव हलायला तयार नाही. वैताग नुसता! “जागा चुकली असेल, काकांना बोलवा,” कोणीतरी म्हणालं.

म्हातारा आला. धोतर खोचून पाण्यात उतरला, पायाने चाचपत मूर्तीजवळ गेला.

“जागा हीच हाय,” तो म्हणाला. “डोह न्हाय ऱ्हायला.”

ताशा थांबला. म्हाताऱ्याने मूर्तीला हात जोडले. मग, हाताची जुनी सवय, तिच्या पाठीवर हलकेच थोपटलं.

“बस रं बाबा, बस.”