मुंग्यांचा प्रयोग आणि भावजींची अर्धी मिशी

तुमच्या सगळ्यांचं सांगून झालं असेल तर आता माझं ऐका. तुमच्यापैकी कुणी दूध उतू घालवलं, कुणी भलत्याच गाडीत जाऊन बसलं, ठीक आहे. मी सासऱ्यांना जिवंतपणी मारलं. तेही मुंग्यांपायी. वर साऱ्या गल्लीला रडायला लावलं ते वेगळंच. कॉफी घ्या आधी, निवत चाललीय.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. मी साताऱ्याची मुलगी, लग्न होऊन तंजावूरला गेले, राजवाड्यामागच्या गल्लीत. सासरची माणसं मराठीच, पण कित्येक पिढ्या तिकडची. बोलायचे मराठी, हेल तमिळ, आणि रागावले की निव्वळ तमिळ. त्यामुळे पहिलं वर्षभर मला कोण काय बोललं ते कळलंच नाही. संसार सुखाचा झाला तो त्यामुळेच.

घरात आम्ही पाचजण. हे, मी, मामंजी म्हणजे माझे सासरे, आणि दोन मुलं, शामू आणि कुंदा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे तिकडच्या रीतीभाती मला शिकवणार कोण? शेजारच्या गोदाक्का. त्या शिकवायच्या, पण मी चुकले की मग. आधी कधीच नाही.

शामूला सहाव्या वर्षी शाळेत घातला. इतका बडबड्या पोरगा की ह्याचं तोंड बंद राहावं म्हणून मी गुळाचा खडा द्यायची. शाळेत काय झालं, त्याचं तमिळ ऐकून पोरं हसायची आणि मराठी बोलला की मास्तर छडी मारायचे. थोड्याच दिवसांत पोराची वाचा बसली. घरात आमच्याशी तेवढं कुजबुजायचा. परकं माणूस दिसलं की चकार शब्द नाही, नुसता खाली बघत उभा. गल्लीतल्या बायका त्याला मुकं पोर म्हणायला लागल्या. मला आतून तुटायचं हो. एक दिवस मी यांना सांगून टाकलं, हा आता शाळेत जाणार नाही, मी शिकवीन.

"तुला कुठं तमिळ वाचता येतं?" हे म्हणाले.

"त्याच्याबरोबर मीही शिकेन."

आणि शिकवलं बरं का. चिंचोक्यांवर बेरीज, वजाबाकीला कुंदाच्या वाटीतले शेंगदाणे. म्हणून वजाबाकी रडत रडत शिकली सगळ्यांनी. मोठ्या देवळाच्या आवारात सावलीभोवती खडूच्या रेघा मारून घड्याळ शिकवायला गेले, तर तिथल्या राखणदारानं हाकलून लावलं. शामू त्या दिवशी खुदकन हसला. मला तेवढं पुष्कळ होतं.

पण माझे मोठे दीर कुंभकोणमला हेडमास्तर. ही एवढी मिशी. ती मिशी नुसती वर्गाच्या दारात दिसली तरी पोरांना पाढे आठवायचे म्हणे. ते येऊन यांना सांगून गेले, मला नाही, धाकट्या भावजयीशी थेट बोलायची त्यांची पद्धत नव्हती. "पोंगल झाला की मी येतो. मुलानं चार माणसांत तोंड उघडलं तर तुझी बायको म्हणते ते खरं. नाही तर दोन्ही मुलं माझ्या घरी न्यायची आणि माझ्या शाळेत बसवायची. जागा ठेवून दिलीय."

दोन्ही मुलं. पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, तोंडावर आला होता आणि शामू अजून पोस्टमनसमोरसुद्धा बोलत नव्हता.

तर मार्गळी महिना चालू होता, म्हणजे आपला धनुर्मास. तिकडे त्या महिन्यात बायका पहाटे अंधारात उठून दारात तांदळाच्या पिठाचा हा एवढा कोलम काढतात, आपली रांगोळी म्हणा. वर शेणाचे गोळे ठेवून त्यात भोपळ्याची फुलं खोचायची. कुणाचा मोठा, कुणाचा सुबक, सगळी गल्ली निरखून बघते. आमच्या दारातलं पीठ खायला मुंग्या यायच्या आणि शामू तिथं तासन्तास उकिडवा बसायचा. एक दिवस हळूच मला म्हणाला, "आई, एक दिवस पीठच घातलं नाही तर मुंग्या काय करतील?"

अहो, पोरानं आपण होऊन प्रश्न विचारला. मी हरखून गेले. म्हटलं, "करून बघू की. प्रयोग."

दुसऱ्या दिवशी तिरुवैयारूला कावेरीवर सहलीला जायचं ठरलंच होतं. दिवसभर घर बंद, म्हणजे मुंग्यांना चुकून सांडलेला दाणाही नाही. मी कोलम काढला नाही. सडासुद्धा घातला नाही, मुंग्या वाहून जातील म्हणून. लग्न होऊन आल्यापासून एक दिवस चुकवला नव्हता, त्यामुळे चुकवला तर काय होतं हे मला ठाऊक असणार कसं? आमच्या साताऱ्याकडे रांगोळी राहिली तर सासू दोन शब्द बोलते, एवढंच.

आता आम्ही निघालो कसे तेही सांगते. पहाटेचा अंधार. भाड्याची बैलगाडी. मामंजींना थंडी सोसायची नाही, ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरं धोतर गुंडाळून गाडीत आडवे झाले आणि लगेच झोपले. हे आंघोळ करून ओलेत्या केसांनी गाडीपुढं चालत, हातात मडकं. मडकं कशाला, तर नदीतले बारके मासे घरी आणून मुलांना दाखवायचे होते आणि गाडीत ठेवलं तर फुटलं असतं. कुंदाची बाहुली घरात राहिली म्हणून तिनं भोकाड पसरलेलं. मला सणसणीत सर्दी, घसा बसलेला, मी पदरानं नाक पुसत मागून चाललेली.

गोदाक्का त्यांच्या दारात वाकून ठिपके घालत होत्या. मान वर करून त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग आमच्या कोऱ्या दाराकडे पाहिलं. "काय ग हे?" एवढंच म्हणाल्या. माझा आवाज फुटेना. मी नदीच्या दिशेनं हात केला, नाक पुसलं आणि पुढं गेले.

दिवस फार सुंदर गेला, खोटं कशाला सांगू. वाळूत पायाच्या अंगठ्यानं घराएवढी अक्षरं काढली. मामंजींनी चपटे खडे पाण्यावरून उड्या मारत कसे पाठवायचे ते शिकवलं. चिंचेचा भात आणि दहीभात खाल्ला. शामूनं मडक्यात मासे धरले आणि काठावर चढताना मडकं पाडून फोडलं. मासे सुटले म्हणून तो टाळ्या वाजवत होता. उन्हानं माझा घसाही मोकळा झाला.

उन्हं कलल्यावर परत आलो. गल्लीच्या तोंडाशी म्हशी आडव्या, गाडी थांबली. मी म्हटलं पुढं जाऊन कुलूप काढते, आणि शामूला घेऊन उतरले. कोपऱ्यावरच गोदाक्का भेटल्या. डोळे सुजलेले. मला वाटलं माझी सर्दी त्यांना लागली.

"झालं का ग सगळं नीट?" त्यांनी माझा हात धरला.

"फार छान झालं, अक्का."

त्यांनी डोळे पुसले. "काही त्रास नाही ना झाला?"

"मुळीच नाही. मडकं तेवढं फुटलं."

"ते फोडतातच ग. लेकरांनी बघितलं?"

"बघितलं काय, शामूनंच फोडलं."

गोदाक्का मटकन खालीच बसल्या. म्हटलं, एका मडक्यासाठी एवढं काय? मग मी पुढं पाहिलं. आमच्या दारापुढं चपलांचा ढीग. ओट्यावर बायका, रस्त्यावर पुरुष. समोरच्या पिंपळाखाली न्हावी बसलेला आणि त्याच्यापुढं कुंभकोणमचे मोठे भावजी.

गोदाक्कांनी सकाळीच यजमानांना तारघरात पिटाळलं होतं. भावजी दुपारच्या गाडीनं येऊन पोचले. एकजण आम्हाला शोधायला सायकलवरून तिरुवैयारूला गेला, पण त्यानं आम्हाला स्मशानात शोधलं. तिथं आम्ही कशाला असू? तो परत येऊन म्हणाला, सगळं आटोपलेलं दिसतं. भावजींना दुःखापेक्षा संताप जास्त, की थोरला मी असताना धाकट्यानं अग्नी दिलाच कसा. गल्लीतल्या जाणत्यांनी त्यांना समजावून रीतीप्रमाणं न्हाव्यापुढं बसवलं. डोईवर आधीच टक्कल. म्हणून न्हाव्यानं मिशीपासून सुरुवात केली होती.

उजवी बाजू गेली होती. डावी शाबूत होती. आणि तेवढ्यात आमची गाडी आली.

रडण्याच्या आवाजानं मामंजींना जाग आली. धोतर बाजूला करून ते गाडीत उठून बसले. दोन बायका किंचाळून आत पळाल्या. मामंजींना अंधुक दिसायचं, त्यांना एवढंच कळलं की कुणीतरी गेलंय. म्हातारा रीतीचा पक्का. हळूहळू खाली उतरले, पुरुषांच्या रांगेत जाऊन मान खाली घालून बसले, आणि पाचेक मिनिटं शोक केल्यावर शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

तो माणूस हळूच दोन हात मागे सरकला.

मामंजी उठून भावजींपाशी गेले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नकोस रे बाळा. कुणासाठी मिशी दिलीस?"

"तुमच्यासाठी, आप्पा," भावजी म्हणाले.

भावजी उठले. एका हातानं ओठ झाकलेला. पहिल्यांदाच ते थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "दारात कोलम का नव्हता?"

गोदाक्का मागून म्हणाल्या, "घरात मयत झालं तरच असं दार कोरं ठेवतो ग आपण. नाही तर श्राद्धाला. तुझ्या सासूचं श्राद्ध तर आडीत, म्हणजे आषाढात असतं, आणि तेही कुंभकोणमला यांच्याकडे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पांढरं धोतर, मडकं, ओले केस, माझं नाक पुसणं, सगळं एका क्षणात. मला सांगायचं होतं की मुंग्या. पण हेडमास्तर समोर उभा, सगळी गल्ली बघतेय, मिशी अर्धी, आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. खाली मान घालून उभी राहिले. मनात एकच, आता हे माझी मुलं नेणार. पोंगलचीही वाट बघणार नाहीत.

माझा पदर कुणीतरी ओढला. शामू. माझ्याकडे बघितलं त्यानं, नीट बघितलं. मग तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"आईला ओरडू नका," तो मोठ्यानं म्हणाला. "प्रयोग माझा होता."

अहो, सगळ्या गल्लीनं ऐकलं. गोदाक्कांनी तोंडावर हात ठेवला.

"कसला प्रयोग?" भावजी.

आणि पोरानं सांगितलं. रोज किती मुंग्या येतात, कुठून येतात, पीठ कुठल्या भोकात नेतात. मराठीत सुरू केलं, मध्येच तमिळ, पुन्हा मराठी. तमिळ चुकत होतं, कुणी हसलं नाही. बोलत बोलत तो दारापाशी गेला, चपला बाजूला सारल्या, खाली वाकून जमीन बारकाईनं तपासली.

भावजींना सवयच ती. ओठावरचा हात काढून त्यांनी विचारलं, "बरं. मग यावरून काय सिद्ध झालं?"

शामूनं थोडा विचार केला.

"पीठ घातलं नाही तर मुंग्या येत नाहीत," तो म्हणाला. "माणसं येतात."

पहिल्यांदा मामंजी हसले. त्यांच्या मागून न्हावी, आणि मग सगळी गल्ली. मी मात्र रडत होते, शामूला पोटाशी धरून, आणि या खेपेला सर्दीचं निमित्तही नव्हतं. त्याला म्हटलं, बोल रे बाबा, आता हवं तेवढं बोल, मी गूळ देणार नाही.

भावजी पुन्हा न्हाव्यापुढं जाऊन बसले. अर्धी मिशी घेऊन कुंभकोणमला कसे जाणार? साबण लावून घेता घेता त्यांनी यांना हाक मारली, पुन्हा जुन्या पद्धतीनं, मी तिथं नसल्यासारखी.

"मुलगा घरीच शिकू दे. कुंदालाही राहू दे. माझ्या शाळेत येऊन तो यापेक्षा चांगला झाला नसता."

मी देवाला हात जोडले.

"पण तिथं मी जागा ठेवलीय," भावजी म्हणाले. "ती रिकामी कशाला घालवायची? तुझ्या बायकोला पाठव."

आणि आमचे हे, एरवी ज्यांना चेष्टा कळायला दोन दिवस लागायचे, अगदी गंभीरपणे म्हणाले, "पाठवतो, अण्णा. कितवीत बसवणार?"

"शामूच्या एक इयत्ता खाली."